जहाजावरची नोकरी, परदेशाचा व्हिसा आणि पोलिसांचा दाखला : आपल्या तरुणांना माहीत हवे असे सर्व काही

वाकडला समुद्र नाही. तरी रविवारच्या वंदनेनंतर आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या तरुणांत जहाजावर काम केलेले दोन-तीन जण हमखास असतात. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीला तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट आहे, लोणी काळभोरला एमआयटीची मेरीटाइम अकादमी आहे. शिवाय हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर गेलेली मुले काळेवाडी, थेरगाव, वाकडमध्ये बरीच आहेत. काही वर्षे समुद्रावर काढली की जमिनीवरची नोकरी हवीशी वाटते आणि मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंडची तयारी सुरू होते. तिथे गाडी अडते ती पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटवर, म्हणजे पीसीसीवर.

प्रश्न साधारण तेच असतात. "मी पनामाच्या झेंड्याच्या जहाजावर होतो, मग पनामाचा दाखला आणायचा का?" "वर्षातले आठ महिने मी घरी नसतो, पोलीस पडताळणी कशी होणार?" आणि आवाज खाली करून विचारला जाणारा तिसरा प्रश्न : "२०१८ च्या बंदच्या वेळी माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता, आता काय?" तिन्हींची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

पीसीसी कोण देते?

भारतीय पासपोर्टधारकाला परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्यासाठी लागणारी पीसीसी पासपोर्ट कार्यालय देते. पर्यटक व्हिसासाठी ती मिळत नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, ५०० रुपये शुल्क ऑनलाइन भरायचे आणि वेळ घ्यायची. पुण्याचे पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्यात आहे. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातील पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतले जातात, त्यामुळे दोन्हीकडच्या तारखा पाहाव्यात.

पोलीस ठाण्यातून मिळणारा चारित्र्य पडताळणी दाखला वेगळा. तो कंपनीत, सुरक्षारक्षकाच्या कामासाठी वगैरे चालतो. व्हिसासाठी तो काढून आणलेली मुले आम्ही पाहिली आहेत. वेळ आणि पैसे दोन्ही वाया जातात.

पीसीसीवर देशाचे नाव असते. कॅनडासाठी काढलेली ऑस्ट्रेलियाला चालेल असे धरून चालू नका.

घरी नसणाऱ्याची पडताळणी

अर्ज झाला की तो पत्त्याप्रमाणे पोलीस ठाण्याकडे जातो. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. वाकड पोलीस ठाणे त्याच्या हद्दीत येते. जुन्या कागदांवर पुणे शहर किंवा पुणे ग्रामीण असेल तर गोंधळू नका, अर्जात आजचे ठाणे बरोबर निवडा.

खलाशाची अडचण अशी की पोलीस घरी येतात तेव्हा तो समुद्रावर असतो. मग "अर्जदार पत्त्यावर राहत नाही" असा शेरा जातो आणि फाईल थांबते. यावर उपाय साधे आहेत :

– जहाजावरून उतरल्यावर लगेच अर्ज करा, पुढच्या करारावर जाण्याच्या तोंडावर नको.
– भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि पोलिसांकडे दिलेली भाडेकरू नोंद हाताशी ठेवा. वाकडमध्ये बहुतेकांचे अडते ते इथेच.
– सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, पोलिसांना दाखवा. त्यात जहाजावर चढल्याच्या आणि उतरल्याच्या तारखा असतात. गैरहजेरीचा तो सरकारमान्य पुरावा आहे.
– शेजारी आणि घरमालकाला आधी सांगून ठेवा.

पडताळणीसाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात. कोणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पासपोर्टच्या चौकशीसाठी १८००-२५८-१८०० आहे.

झेंड्याच्या देशाचा दाखला लागतो का?

आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार खोल समुद्रात जहाजावर त्याच्या झेंड्याच्या देशाचा अधिकार चालतो. जगातली मोठी व्यापारी जहाजे पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्सच्या झेंड्याखाली फिरतात. पण अधिकार चालणे वेगळे आणि त्या देशात राहणे वेगळे. व्हिसा देणारे देश सहसा विचारतात ते तुम्ही कुठे "राहिलात" हे. ज्याने पनामाच्या भूमीवर पाय ठेवला नाही, तो पनामाचा रहिवासी होत नाही.

मुख्य देशांचे मापदंड असे :

– कॅनडा : मागील दहा वर्षांत, वयाच्या अठरानंतर, सलग सहा महिने किंवा अधिक जिथे राहिलात तो देश.
– ऑस्ट्रेलिया : मागील दहा वर्षांत, वयाच्या सोळानंतर, एकूण बारा महिने किंवा अधिक.
– इंग्लंड : आरोग्य, शिक्षण, सामाजिक देखभाल अशा ठरावीक कामांच्या व्हिसासाठी, मागील दहा वर्षांत बारा महिने किंवा अधिक.

येथे एक फरक लक्षात घ्या. दुबई, कतार किंवा सिंगापूरचा रहिवास परवाना घेऊन तेलविहिरीवर, बंदरात किंवा किनाऱ्यावर काम केले असेल, तर तो काळ त्या देशातील वास्तव्यात मोजला जाऊ शकतो आणि तिथला दाखला लागू शकतो.

उलट चूकही होते. वर्षातले बरेच दिवस बाहेर असल्याने खलाशी आयकरात अनिवासी ठरतो, म्हणून काही जणांना भारताची पीसीसी लागणार नाही असे वाटते. आयकरातले वास्तव्य आणि व्हिसातले वास्तव्य यांचा संबंध नाही. घर वाकडला असेल तर भारताची पीसीसी लागणारच, असे समजून तयारी करा.

दाखल्याऐवजी काय द्यायचे? दहा वर्षांचा महिनावार तक्ता करा : जहाजाचे नाव, झेंडा, कंपनी, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, मधल्या सुट्टीतला पत्ता. एकही महिना रिकामा नको. सोबत सीडीसीची सर्व पाने, कंपनीचे सागरी सेवेचे पत्र, पासपोर्टवरचे शिक्के आणि "हा काळ जहाजावर होतो, कोणत्याही देशात वास्तव्य नव्हते" असे स्वतःचे स्पष्टीकरणपत्र जोडा. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत सूचना वाचाच.

आंदोलनातले गुन्हे

आता तिसरा प्रश्न. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव येथील हल्ल्यानंतर ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि राज्यभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे विधान परिषदेत सांगितले. म्हणजे सगळे गुन्हे मागे गेले नाहीत.

सभागृहातली घोषणा म्हणजे तुमच्या नावावरचा गुन्हा मिटला असेही नाही. न्यायालयात गेलेला खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम ३२१, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. न्यायालयाचा आदेश नसेल तर पोलिसांच्या नोंदीत गुन्हा तसाच दिसतो. म्हणून ही कामे आजच करा :

– ई-कोर्ट्सवर नाव आणि गुन्हा क्रमांक टाकून खटल्याची स्थिती पाहा.
– खटला मागे घेतला असेल, निर्दोष सुटका झाली असेल किंवा समरी मंजूर झाली असेल, तर आदेशाची प्रमाणित प्रत काढा.
– ती प्रत संबंधित पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. नोंद अद्ययावत झाली का, हे माहिती अधिकारात विचारा.
– खटला चालू असेल तर वकिलामार्फत न्यायालयाची परवानगी मागा. खटला प्रलंबित असताना न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळण्याची सोय २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे.

परदेशी जाणे हा अनुच्छेद २१ मधील स्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये, केवळ गुन्हा नोंद आहे म्हणून पीसीसी नाकारता येत नाही, गुन्ह्याची माहिती नमूद करून ती द्यावी, अशी भूमिका घेतली. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण वकिलाला आधार म्हणून वापरता येतो.

एक गोष्ट मात्र करू नका. गुन्हा लपवू नका. एजंट सांगतो, "नाही लिही, कोण बघतंय?" खोट्या माहितीबद्दल कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो, इंग्लंड दहा वर्षांपर्यंत. चौथे शील आपण दर रविवारी म्हणतो, ते अर्ज भरतानाही लागू आहे. आंदोलनातला गुन्हा हा चोरी-दरोड्याचा गुन्हा नाही. तो कशासाठी होता, हे कागदांसह एका पानात नीट लिहिता येते.

नाव आणि एजंट

आपल्यातील अनेकांनी जातदर्शक आडनाव बदलले आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, सीडीसीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असे झाले तर पडताळणी अडते. नावबदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि व्हिसा अर्जात जुने नावही लिहा.

जहाजावर परत जायचे असेल तर नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असलेल्या कंपनीमार्फतच जा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. बनावट सीडीसी विकणारेही फिरतात. त्यांच्या नादी लागलेल्यावर गुन्हा होतो आणि मग कुठलीच पीसीसी स्वच्छ येत नाही.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. आपल्या विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या कोणावर आंदोलनाचा कोणता गुन्हा आहे, तो कोणत्या न्यायालयात आहे, आदेशाची प्रत मिळाली का, हे त्यात लिहा. वही कुलपात राहू द्या, ती गावभर फिरायला नको. मोर्चात आपण या मुलांना पुढे केले होते. त्यांचा व्हिसा अडतो तेव्हा त्यांच्याबरोबर न्यायालयाच्या खिडकीपर्यंत जाणे हेही आपलेच काम आहे.

जय भीम.