वर्गाबाहेरील कृषिशिक्षण : पुणे कृषी महाविद्यालय आणि पिंपळे सौदागरची पाहणी

पश्चिम भारतातील उच्च कृषिशिक्षणाचा इतिहास सामान्यतः संस्थांच्या स्थापनावर्षांतून सांगितला जातो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८७९ साली सुरू झालेले शेतकीचे वर्ग, १९०७ साली आकारास आलेले स्वतंत्र कृषी महाविद्यालय, त्यास लाभलेली मुंबई विद्यापीठाची संलग्नता हे टप्पे परिचित आहेत. मात्र जमीन कोणाच्या हाती आहे व ती कशी राखली जाते, हा प्रश्न या महाविद्यालयात अभ्यासक्रमाच्या मार्गाने आला नाही. तो एका गावाच्या शिवारातून आला.

महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुण्यास येण्यापूर्वी त्यांनी आसामातील चहाच्या मळ्यांसंबंधी संशोधन केले होते. दख्खनमधील मातीचे पृथक्करण करून शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा उलगडा होत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर आदी सहकाऱ्यांसह पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली. ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

जुन्या कागदपत्रांच्या आधारे या अभ्यासाने दाखविले, की गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान, तर ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. येथे दोन गोष्टींत भेद करणे अगत्याचे ठरते. वारसांमुळे खाते लहान होणे हे उपविभाजन. एकाच खात्याची जमीन शिवारभर विखुरणे हे अपखंडन. नदीकाठची काळी आणि माळाची मुरमाड जमीन प्रत्येक भावाला सारखी मिळावी, म्हणून प्रत्येक तुकड्याचीच वाटणी होई. घरातील न्याय शेतीला महाग पडे. तथापि या व्यवहारास केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. निरनिराळ्या प्रतीच्या जमिनीत जोखीम वाटून घेण्याचे शहाणपणही त्यात होते.

४० वरून ७ एकर हा आकडा पुढे अर्थशास्त्राच्या असंख्य पाठ्यपुस्तकांत उद्धृत झाला. तो एकाच गावाचा आहे, याचा उल्लेख मात्र बहुधा गळाला. पिंपळे सौदागर खडकीच्या लष्करी वसाहतीजवळचे, बाहेरची मजुरी मिळणारे गाव होते. ही मर्यादा खुद्द मान यांनी ओळखली होती. म्हणूनच शहरापासून दूरच्या, कोरडवाहू जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी कानिटकरांच्या सहकार्याने झाली व ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. तेथील कुटुंबांची स्थिती अधिकच बिकट आढळली. केवळ खाते मोठे असल्याने शेतकरी तरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

या दोन गावांनंतर कानिटकर मांजरी येथील कोरडवाहू संशोधनाकडे वळले, ही बाब विशेष लक्षणीय आहे. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, वारंवार कुळवणी, विरळ पेरणी आणि कोळपणी यांवर आधारलेली ‘मुंबई पद्धती’ अशा संशोधनातून सिद्ध झाली. परंतु उताराला आडवा घातलेला समपातळी बांध खातेदारांच्या हद्दी पाळत नाही. पाणी अडवायचे तर दहा जणांच्या पट्ट्यांतून बांध न्यावा लागतो. मृद्संधारणाचा प्रश्न अशा रीतीने पुन्हा तुकड्यांपाशीच येऊन ठेपला.

धारणक्षेत्रांसंबंधीचे १९२७ चे विधेयक लोकविरोधामुळे बारगळले. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीस, तर १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी व एकत्रीकरणास वैधानिक आधार दिला. प्रमाणभूत क्षेत्र ठरले. घरातील वाटण्या मात्र तोंडी चालूच राहिल्या आणि सातबाऱ्यावरील नोंद व प्रत्यक्ष वहिवाट यांत अंतर पडत गेले.

१९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले व पुढे पुण्याचे महाविद्यालय त्याच्या कक्षेत आले. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेचा भाग आहे. मान यांच्या सहकाऱ्यांनी जेथे तुकडे मोजले, त्या शिवारात आता निवासी संकुले उभी आहेत आणि तेथील जमीन चौरस फुटांत मोजली जाते.