विहिरीचा तळ आणि मजुराची मजुरी



विहीर आटली म्हणजे आपण आभाळाकडे पाहतो. पाऊस पडला नाही, पाणी गेले, एवढे म्हणून मोकळे होतो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु मजुरांत आयुष्य गेल्यामुळे एक सवय जडली आहे. नुकसान झाले की विचारायचे, ते कोणाच्या अंगावर पडले आणि त्यात कोणाचे साधले? हाच प्रश्न आज मी आटलेल्या विहिरीच्या काठावर उभा राहून विचारणार आहे.

प्रथम जमीन समजून घेऊ. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली जावे तसा दगड घट्ट होत जातो. तेव्हा गावाखालचे पाणी हे सामाईक खात्यातल्या शिलकेसारखे आहे. एकाने जास्त उचलले की दुसऱ्याला कमी पडते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ठिकठिकाणी बंधारे घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे, म्हणजे विहिरींना पाणी राहील, असे सरकारला सुचवले होते. आज आपण ज्याला जलसंधारण म्हणतो, ते याहून फारसे निराळे नाही.

त्यापूर्वीच, १८७६ साली, दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला होता. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी उतरवली गेली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर माणसाने दगड फोडावा असा हिशेब होता. शिवाय घरापासून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याची सक्ती. तेव्हा हजारो उपाशी माणसांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले ते यानंतर काही वर्षांनी. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या संपांपैकी एक संप गिरणीच्या दारात न होता दुष्काळी कामावर झाला, हे आम्हा कामगार कार्यकर्त्यांनीही विसरता कामा नये.

पाणी असले म्हणजे ते सर्वांना मिळते असेही नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. तळे भरलेले होते. टंचाई पाण्याची नव्हती, माणुसकीची होती.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. खानापूर तालुक्यातले आमचे लहानसे गाव. आई मला पाटीत घालून खडी फोडायला नेत असे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांच्या घामातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता. गावात बांध घालणाऱ्या बाईच्या मजुरीत शहरातल्या कामगाराचाही वाटा होता, हे नाते मला मोलाचे वाटते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जाते. वडील मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. पुढे बऱ्याच वर्षांनी गिरणीकडून हिशेबाचे पैसे हाती आले आणि आम्ही बोअर मारले. गावची पिण्याची विहीर तिथून दोनशे पावलांवर होती. अशा विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असा कायदा १९९३ सालीच झाला होता. आम्हाला कोणी विचारले नाही, आम्हीही कोणाला विचारले नाही. दोन वर्षे आमचा ऊस डोलला. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला आणि बायका घागरी घेऊन आमच्याच दारात उभ्या राहिल्या. त्यांत माझी चुलतीही होती. मी त्या काळी शहरात एकजुटीवर भाषणे करीत होतो! पुढे शेजाऱ्याने अधिक खोल बोअर घेतले, आणि आमचेही पाणी गेले.

त्याच तालुक्यात दुसरा मार्गही लोकांनी दाखवला होता. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत, आणि वाळू गेली की काठच्या विहिरींचे पाणी उतरे. मुक्ती संघर्ष चळवळीने याविरुद्ध लढा दिला; त्यात संपानंतर गावी आलेले गिरणी कामगारही होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी थोडी वाळू स्वतः विकून, श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण उभे केले. पाण्याचा वाटा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला सारखा, असा नियम केला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनेही पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवला होता आणि उसाला मनाई केली होती.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी तिथे पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती. अशा वेळी रेल्वे धावलीच पाहिजे. परंतु शिलकेचा हिशेब गावाने मिळून ठेवला नाही, तर पाण्याची गाडी कितीही वेळा आली तरी तळ पुन्हा उघडा पडेल.

आमच्या गावी आता पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी दोरीने मोजतात आणि ग्रामसभेत आकडा वाचतात. गेल्या खेपेस दोरी मी धरली होती. आकडा सांगताना ती चुलती समोर बसली होती.