पाच-अष्टमांश माणूस : अहमदाबादेतल्या एका मागशेडची गोष्ट

मंडळी, विषय ‘कामाच्या ठिकाणचा विश्वास’ असा छापला गेला आहे. या विषयावर हल्ली बरीच पुस्तकं निघतात आणि त्यांत बहुतेक वेळा पुढाऱ्याने काय करावं याची यादी असते. मी यादी देणार नाही. एका मागशेडची गोष्ट सांगणार आहे.

आधी शब्दांचा थोडा घोळ निस्तरू या, ती माझी जुनी खोड. मराठीत खात्री, भरवसा आणि विश्वास असे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण जिथे खात्री आहे तिथे विश्वासाची गरजच उरत नाही. हजेरीपट, सुपरवायझरची फेरी, दंडाची वही ही खात्री करून घेण्याची साधनं आहेत. विश्वास ठेवणारा माणूस काहीतरी हातातून सोडतो, आणि त्यात त्याचं नुकसान होऊ शकतं. हे लक्षात ठेवून अहमदाबादला जाऊ.

1918 साली तिथे गिरणी कामगारांचा मोठा लढा झाला. प्लेगच्या साथीत दिलेला जादा बोनस मालकांनी बंद केला. महागाईपोटी 35 टक्के वाढ हवी, असं कामगारांनी ठरवलं. मालक 20 टक्क्यांच्या वर जाईनात. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, गांधीजींबरोबर. शेवटी गांधीजींनी उपोषण केलं, तीन दिवसांत तोड निघाली. या उपोषणाचं दडपण मालकांवर आलं आणि म्हणून ते निर्दोष नव्हतं, हे गांधीजींनी स्वतःच कबूल केलं आहे. मला मात्र तडजोडीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंनी लवाद मान्य केला आणि लवाद म्हणून नेमले आनंदशंकर ध्रुव, गुजरात कॉलेजातले प्राध्यापक, संस्कृत आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. (आमच्या विषयाच्या माणसाला कुणी गिरणीच्या भांडणात विचारलं, याचा मला अजून आनंद होतो.) त्यांनी 35 टक्क्यांचा निवाडा दिला. 1920 मध्ये मजूर महाजन उभं राहिलं, आणि मतभेद झाला की लवादाकडे जायचं ही त्या शहराची रीत पडली.

मुंबईत असं झालं नाही. 1928 चा संप सुमारे सहा महिने चालला. एका माणसाने जास्त सांचे चालवायचे, या नव्या पद्धतीला विरोध हे त्याचं एक मोठं कारण. गिरणगावातल्या माणसाचं गणित साधं होतं : माझ्या हाती सांचे वाढले म्हणजे शेजाऱ्याची भाकरी गेली. त्याचं काही चुकत नव्हतं.

आता 1953. अंबालालांच्या कॅलिको मिलचा कारभार त्यांचे चिरंजीव गौतम साराभाई पाहत होते. एका शेडमध्ये नवे स्वयंचलित माग बसवले होते. यंत्रं उत्तम, पण उत्पादन अपेक्षेइतकं नाही आणि खराब कापड बरंच. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले ए. के. राइस सल्लागार म्हणून आले. शेडमध्ये 224 माग, 29 माणसं आणि कामांचे 12 प्रकार. विणकर निराळा, कांड्या भरणारा निराळा, तुटलेला ताणा सांधणारा निराळा, तेल घालणारा, झाडणारा निराळा. कामाचं मोजमाप शास्त्रशुद्ध केलेलं होतं. पण विणकर आठ, कांड्या भरणारे पाच, ताणा सांधणारे तीन, आणि प्रत्येकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी न जुळणारी. म्हणजे हिशेबाने एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणारा पाच-अष्टमांश आणि ताणा सांधणारा तीन-अष्टमांश! आता सांगा, पाच-अष्टमांश माणसावर विश्वास कसा ठेवायचा? तार तुटली, माणूस वेळेवर आला नाही, तर तो दुसऱ्याच्या मागावर गेलेला. त्याचाही दोष नाही. तिथे स्वभाव वाईट नव्हते, रचनाच अशी होती की कुणी कुणाचा सोबती होऊ नये.

राइस यांनी सुचवलं ते एका वाक्यात मावतं : ठराविक माग एका छोट्या गटाकडे द्या, काम आपसात कसं वाटायचं ते गटाने पाहावं. ही कल्पना आधी व्यवस्थापकांशी, मग सुपरवायझरांशी बोलली गेली. कामगारांच्या कानावर गेली आणि त्यांनी ती उचललीच. कुणाबरोबर काम करायचं हे परस्पर पसंतीने ठरवून गट त्यांनी स्वतः बनवले, तेही इतक्या झटपट की सल्लागारच चकित झाले. सुरुवातीचे चढउतार ओसरल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95 वर गेली, खराब कापडाचं प्रमाण 32 वरून 20 टक्क्यांवर आलं.

इथे पुढाऱ्याने काय केलं? माझ्या मते त्याची सगळ्यात अवघड कृती ही की हातात असलेला अधिकार त्याने वापरला नाही. गटाची यादी वरून आली असती तर तीच माणसं तेच माग घेऊन कुरकुरत बसली असती.

पण ‘परस्पर पसंती’ हा शब्द मला गिळवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत सांचेखात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ मानला जाई. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. अहमदाबादेतही दलित कामगार बहुतांशी कताईकडेच असत. म्हणजे सांचेखात्यात कुणी कुणाला पसंत करायचं, याची निवड दाराशीच होऊन गेलेली. आतल्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास खरा होता, हे मी नाकारत नाही. पण तो किती जणांना बाहेर ठेवून उभा होता, हे राइस यांच्या आकड्यांत दिसत नाही. संघभावनेचं कौतुक ऐकलं की मी आधी दाराकडे पाहतो.

राइस यांचे सहकारी एरिक मिलर 1970 मध्ये पुन्हा त्या गिरणीत गेले. गटपद्धत नंतर इतर शेडमध्येही पसरली होती. एका शेडमध्ये ती सतरा वर्षांनंतरही जवळपास जशीच्या तशी चालू होती. दुसरीकडे ती विरून गेली होती. मागणी बदलली, कामाचा ताण वाढला, आणि सुपरवायझर पुन्हा गटाच्या आत येऊन एकेकट्या माणसाला हुकूम देऊ लागला. कुणी पद्धत रद्द केल्याचा आदेश काढला नव्हता.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून एक हात केव्हाचा वर आहे.