लुप्त गावाचे दप्तर

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, ग्रीन नदीच्या काठी, म्यूलेनबर्ग परगण्यात पॅरडाइज नावाचे लहानसे गाव होते. कोळशासाठी भोवतालची भूमी यंत्रांनी उलथून टाकली, १९६३ साली सुरू झालेल्या सरकारी वीजकेंद्राची राख घरांवर पडू लागली, आणि अखेर उरलीसुरली घरे खरेदी करून गाव जमीनदोस्त करण्यात आले. सरकारदरबारी ही हकीकत तेथेच संपली. परंतु त्या गावाचे खरे दप्तर १९७१ साली एका तरुण टपालवाल्याच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत उघडले गेले.

जॉन प्राइन याचा जन्म १९४६ साली शिकागोनजीकच्या मेवुड येथे झाला. पोटासाठी केंटकी सोडून आलेले आईवडील उन्हाळ्यात मुलांना घेऊन पॅरडाइजला जात. लष्करातील चाकरी आटोपल्यावर प्राइन घरोघर टपाल वाटी, आणि चालता चालता मनात पदे जुळवी. क्रिस क्रिस्टॉफरसन या प्रख्यात गायकाने त्याचे गाणे शिकागोत ऐकले, त्याची शिफारस फळास आली, आणि अरिफ मार्दिन यांच्या देखरेखीखाली त्या १३ गीतांची ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली.

व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेला सैनिक, मुले पांगल्यावर एकमेकांशी बोलणेही सरलेले वृद्ध दांपत्य, संसारात कोमेजलेली स्त्री, अशा ज्यांची नोंद कोणत्याही बखरीत व्हायची नाही त्यांना पंचविशीच्या या कवीने उपदेशाचा एक शब्दही न काढता आपला कंठ दिला. लहानपणी वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकताना, पाहुण्याच्या ओढीने आपल्यालाच नातू मानणारी माणसे त्याने पाहिली होती. त्याची करुणा अशा प्रत्यक्ष अनुभवातून उपजलेली असल्यामुळे तिला कालमर्यादा उरली नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत पॅरडाइजच्या वीजकेंद्रातील कोळशाचा अखेरचा संच बंद झाला. एप्रिलमध्ये करोनाने प्राइनला नेले. त्या गावावरचे त्याचे गीत मात्र राहिले.

ते गीत त्याने वडिलांसाठी रचले होते. ध्वनिमुद्रण झाल्यावर उसन्या यंत्रावर तो ते त्यांना ऐकवू लागताच वडील उठून शेजारच्या खोलीत, अंधारात जाऊन बसले. कारण विचारता म्हणाले, नाणे टाकले की वाजणाऱ्या उपाहारगृहातील पेटीवर ते लागले आहे, असे मानून ऐकायचे होते. त्याच वर्षी ते निवर्तले. आपल्या मुलाचे गाणे सर्वांचे व्हावे, ही त्या पित्याची इच्छा पुढे अक्षरशः फळास आली.