पदवीधर, अर्ज आणि जन्मतारीख : लोकसेवा प्रवेशाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पायरी

प्रस्तावना

लोकसेवेतील भरतीचा इतिहास सामान्यतः परीक्षेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अभ्यासक्रम कसा बदलला, निवड कोणाची झाली, आरक्षणाचे धोरण कसे आकारास आले या प्रश्नांची चर्चा विपुल आहे आणि ती योग्यच आहे. परंतु परीक्षागृहाच्या आधी आणखी एक पायरी असते. जागा निघाल्याचे कळणे, आपण पात्र आहोत की नाही हे ठरविणे, दाखले जमविणे आणि मुदतीच्या आत अर्ज पोहोचविणे ही ती पायरी होय. महाविद्यालयात शिकविणाऱ्या आपणा सर्वांचा तिच्याशी रोजचा संबंध येतो. इतिहासकारांचा मात्र क्वचितच. सनदी सेवेतील स्पर्धा कायद्याने १८५३ साली खुली झाली, तरी तिच्यात कोण उतरू शकेल हे पुढे दीर्घकाळ अर्जातील रकान्यांनीच ठरविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच दृष्टीने येथे काही प्रसंगांचा विचार केला आहे.

शिफारशीकडून स्पर्धेकडे

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सनदी नोकर होण्याचा मार्ग एकच होता. कंपनीच्या एखाद्या संचालकाने नाव सुचवावे आणि उमेदवाराने हेलीबरी येथील महाविद्यालयात शिक्षण घ्यावे. १८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा अधिकार संपुष्टात आणला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये अहवाल दिला आणि १८५५ मध्ये लंडन येथे पहिली खुली परीक्षा झाली.

यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले चार कलाशाखेचे पदवीधर बाहेर पडले. म्हणजे स्पर्धा खुली झाली होती आणि पदवीधरही तयार होऊ लागले होते. तरीही पुण्या-मुंबईच्या पदवीधराला अर्ज करावयाचा तर समुद्र ओलांडणे भाग होते. प्रवासाचा व तेथील वास्तव्याचा खर्च, परदेशगमनानंतरच्या प्रायश्चित्ताचा व बहिष्काराचा धाक, आणि इंग्रजी शाळांतील अभ्यासक्रमास अनुकूल अशी विषयरचना, हे सारे पार करून १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय यशस्वी झाले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ साली सातारा येथे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले, ही बाब आपल्याकडील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वयाचा रकाना

१८६९ चा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. त्या वर्षी चार भारतीय उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी बॅनर्जी व ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून वगळण्यात आली. त्यांनी पूर्वी प्रवेशपरीक्षेच्या वेळी नोंदविलेले वय आणि आता सांगितलेले वय यांत मेळ बसत नव्हता. वस्तुस्थिती साधी होती. आपल्याकडे वय चालू वर्षाने सांगण्याची पद्धत होती. पंधरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा ‘सोळावे लागले’ म्हणून सोळा वर्षांचा म्हणविला जाई. लंडनच्या आयुक्तांनी ते सोळा पूर्ण असे धरले आणि त्या हिशेबाने उमेदवार एकवीस वर्षांची मर्यादा ओलांडून गेले. बॅनर्जींनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, आयुक्तांना माघार घ्यावी लागली आणि त्याचा लाभ ठाकुरांनाही मिळाला.

दोन कालगणनांमधील फरकामुळे उत्तीर्ण उमेदवार अपात्र ठरत होता. ज्याला लंडनमध्ये वकील देणे शक्य नव्हते, त्याचे काय झाले असते, हा प्रश्न मनात येतोच.

पुढे ही मर्यादा धोरणाचे साधन बनली. कमाल वय एकवीसवरून एकोणीसवर आणण्याचा निर्णय झाला व तो १८७८ पासून अमलात आला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत भारतीय मुलाने इंग्रजीवर प्रभुत्व मिळवून विलायत गाठावी ही अपेक्षा जवळजवळ अशक्यच होती. बॅनर्जींनी १८७७-७८ मध्ये देशभर सभा घेतल्या त्या या प्रश्नावर. अखिल भारतीय पातळीवरील आपल्या आरंभीच्या राजकीय चळवळींपैकी एक चळवळ अर्जातील वयाच्या अटीविरुद्ध उभी राहिली, याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही.

परीक्षेचे ठिकाण

१८७९ मध्ये लिटनच्या काळात ‘वैधानिक सनदी सेवा’ निर्माण झाली. तिच्यात घरंदाज कुटुंबांतील भारतीयांना नेमणुकीने घेतले जाई. थोडक्यात, शिफारस मागील दाराने परत आली. अ‍ॅचिसन आयोगाच्या (१८८६-८७) शिफारशींनंतर ती बंद झाली व प्रांतिक सेवा आल्या. भारत व इंग्लंड येथे एकाच वेळी परीक्षा घ्यावी ही दादाभाई नौरोजींची दीर्घकाळची मागणी होती. २ जून १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने तसा ठराव संमत केला. परंतु भारत सरकारने प्रांतिक सरकारांची मते मागविली, मद्रास वगळता सर्वांनी विरोध केला आणि ठराव कागदावरच राहिला. चिंतामणराव देशमुखांसारखा महाराष्ट्रातील बुद्धिमान विद्यार्थीही १९१८ मध्ये केंब्रिजमार्गेच या सेवेत पोहोचला व पहिला आला. भारतात, अलाहाबाद येथे, परीक्षा झाली ती १९२२ मध्ये. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत एकोणतीस वर्षे गेली. लोकसेवा आयोग १९२६ मध्ये स्थापन झाला. पुढे १९४३ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्रीय सेवांत सव्वाआठ टक्क्यांहून थोडे अधिक (८ १/३ टक्के) आरक्षण आले, तेव्हा त्याबरोबर वयोमर्यादेत व परीक्षाशुल्कातही सवलत देण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. केवळ जागा राखून भागत नाही, अर्ज करणेही शक्य झाले पाहिजे, ही जाण या सवलतींत दिसते.

जाहिरात कोठे वाचावी ?

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. अंतर कमी झाले, माहितीचा अभाव शिल्लक राहिला. सेवायोजन कार्यालये १९४५ मध्ये युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी सुरू झाली आणि नंतर सर्वांसाठी खुली झाली. रिक्त जागा या कार्यालयांना कळविण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले. परिणामी अनेक कार्यालये सेवायोजनाकडून आलेल्या नावांचाच विचार करू लागली. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नोंदणी करणे आणि तिचे वेळेवर नूतनीकरण करणे ज्यांना जमले नाही, ते बाहेरच राहिले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नावांसोबतच वृत्तपत्रांतून जाहिरात द्यावी व त्यानुसार अर्ज करणाऱ्यांचाही विचार करावा असे म्हटले, तेव्हा ही कोंडी काही अंशी फुटली.

केंद्र सरकारचे ‘रोजगार समाचार’ साप्ताहिक १९७६ पासून हिंदी, इंग्रजी व उर्दू या भाषांत निघू लागले, मराठीत नाही. कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीत लिहिण्याची सोय झाली. पूर्वपरीक्षा मात्र इंग्रजी व हिंदीतच राहिली आहे आणि तिची अधिसूचनाही. मराठी माध्यमातील पदवीधराला उत्तर मराठीत लिहिता येते. पण आपण उत्तर लिहिण्यास पात्र आहोत की नाही हे समजून घेण्यासाठी त्याला दुसरी भाषा लागते. आपल्या विभागांतील सूचनाफलकावर अशा अधिसूचनेचा मराठी सारांश लावणे फारसे अवघड नाही. तो किती ठिकाणी लागतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

पुन्हा जन्मतारीख

ग्रामीण महाविद्यालयात अर्ज भरून घेताना एक गोष्ट हमखास आढळते. वर्गातील बऱ्याच विद्यार्थ्यांचा जन्म १ जूनचा असतो. शाळा जूनमध्ये सुरू होत, मुलाला घेऊन आलेल्या पालकांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी अंदाजाने १ जून लिहून नाव दाखल करून घेत. तो एक उपकारच होता. परंतु केंद्रीय लोकसेवा आयोग शालान्त प्रमाणपत्रावरील तारीखच ग्राह्य धरतो आणि नागरी सेवा परीक्षेसाठी वय १ ऑगस्ट रोजी मोजले जाते. नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाची नोंद त्याच वर्षीच्या १ जूनला झाली असेल, तर त्याचे वय कागदावर पाच महिन्यांनी वाढते आणि मर्यादेच्या कडेवर त्याची शेवटची संधी जाऊ शकते.

मागील काही वर्षांत प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे असेच झाले. आईला त्याच्या जन्माची दिवाळी आठवत होती. ते सांगून उपयोग नव्हता, कारण अर्जात तसा रकाना नाही. श्रीपाद बाबाजी ठाकुरांची हकीकत त्याला सांगितली तेव्हा त्याने एवढेच विचारले, “सर, ते कोर्टात कसे गेले असतील ?”