गच्चीवरची संध्याकाळ आणि परवान्यांचा इतिहास

मागील महिन्यात मुंबईहून एका जुन्या वर्गमित्राचा दूरध्वनी आला. अर्थशास्त्राच्या एम. ए.च्या वर्गातील आम्ही आठ-दहा जण पुष्कळ वर्षांनी एकत्र जमणार आहोत. कोणी बँकेतून निवृत्त झाला आहे, कोणी प्राध्यापक आहे, दोघे परदेशातून येणार आहेत. "समुद्र दिसेल अशी एखादी गच्ची निवड. दोन घोट घेणाऱ्यांचीही सोय हवी आणि न घेणाऱ्यांचीही. तू सरकारात आहेस, परवान्याबिरवान्याचे तुला कळते," असे सांगून त्याने हे काम माझ्या गळ्यात घातले आणि चार ठिकाणांची यादी पाठवून दिली.

भिलाईत बसून मुंबईतील गच्ची निवडायची, हा प्रकार थोडा विनोदीच आहे. येथून समुद्र गाठायचा तर आगगाडीत एक रात्र काढावी लागते. येथल्या गच्चीवर पापड वाळतात आणि उन्हाळ्यात जुन्या लोकांच्या खाटा पडतात. कारखान्यातील तापलेली मळी रात्री ओतली जाई तेव्हा आकाशाची एक कड लाल होत असे, आणि लोक तेवढ्यासाठी पाहुण्यांना गच्चीवर नेत, असे येथील जुने रहिवासी सांगतात. मराठी माणसाची गच्चीवरची संध्याकाळ म्हणजे मुळात कोजागिरी. आटीव दूध, केशर, चारोळ्या आणि कोणाच्या तरी बेसूर गळ्यातील भावगीत. तिला परवाना लागत नाही.

मित्राच्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढे दर, देखावा, संगीत आणि गर्दी असे रकाने होते. ती वाचताना मी तिच्यात नसलेला एक रकाना शोधत होतो. तो कोणता, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. वाचकांपैकी जे मुंबईत वाढले आणि आता बाहेर आहेत त्यांना यातील काही भाग ठाऊक असेल. त्यांनी तो भराभर वाचून पुढे जावे.

मुंबई इलाख्यात मद्याचे प्रशासन खऱ्या अर्थाने सुरू झाले ते १८७८ च्या अबकारी कायद्याने. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद पाडून गाळप मोजक्या मक्तेदारांकडे आणायचे, म्हणजे कर वसूल करणे सोपे जाते, हा त्यामागचा हिशेब होता. भट्टी एक असली की पहारा एकच पुरतो. या धोरणाचे टोक म्हणजे १८९२ चा मोहाच्या फुलांचा कायदा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच त्याने निर्बंध आणले. छत्तीसगडात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट अधिक टोचते. येथे मोह हे अन्न आहे, औषध आहे, देवाचा नैवेद्य आहे. झाडाखाली पडलेले फूल उचलणे हा अपराध ठरवणारी राजवट दारूला भीत नव्हती; ती बुडणाऱ्या महसुलाला भीत होती.

स्वातंत्र्यलढ्याने हे समीकरण उलटे केले. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. तिचे सूत्रधार आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर होते. ते स्वतः पारशी, आणि ताडीच्या व दारूच्या धंद्यात पारशी समाजाचा मोठा पैसा गुंतलेला. त्यामुळे घरचा रोष त्यांना पुरेपूर सोसावा लागला. आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र यातील दुसरीच बाजू रंजक वाटत असे. बुडणारा अबकारी महसूल भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवण्यात आला. म्हणजे दारू सुटली आणि बोजा घरांच्या छपरांवर गेला. त्याच छपरांवर पुढे दारू जाऊन बसेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

युद्ध आले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती बंदी विरली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मात्र टिकला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यासंबंधीच्या कलमांसह काही तरतुदी मात्र रद्द केल्या. त्यानंतर मुंबईकराला प्यायचे असेल तर दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे प्रकृतीला मद्य आवश्यक आहे असा डॉक्टरी दाखला जोडून परवाना मिळवणे, आणि दुसरी म्हणजे आंटीचा अड्डा. किती नाखवे, गिरणी कामगार आणि कारकून या दुसऱ्या वाटेने गेले, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि 'परमिट रूम' ही अस्सल मुंबईची संस्था जन्मली. मराठीच्या कोणत्याही कोशात बसेल असा हा शब्द आहे. काळ्या काचा, थंडगार अंधार, खारे शेंगदाणे, आणि दारावर 'परवानाधारकांसाठी' अशी पाटी. कायदा रद्द झाला नाही. आजही तो दारूबंदीचाच कायदा आहे. इतकेच की त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. १९६० मध्ये द्विभाषिक राज्य दुभंगले तेव्हा हाच कायदा गुजरातच्याही वाट्याला गेला. तेथे त्याच कलमांखाली बंदी चालते आणि येथे त्याच कलमांखाली बार चालतात. प्रशासनात नव्याने आलेल्या तरुणांना मी हे उदाहरण नेहमी देतो. कायद्याचा मजकूर वाचून राज्य कळत नाही. त्याखालचे नियम आणि सवलती वाचाव्या लागतात.

परमिट रूममध्ये माणूस लपून पीत असे. आकाशाखाली, दिव्यांच्या माळेत, शहराला दिसेल असे बसणे हे त्या पिढीला निर्लज्जपणाचे वाटले असते. अपवाद होता तो बड्या हॉटेलांचा. ताजमहाल हॉटेलातील १९३३ चा 'हार्बर बार' हा शहराचा पहिला परवानाधारक बार असल्याचे सांगितले जाते. चर्चगेटला ॲम्बॅसेडर हॉटेलच्या माथ्यावर फिरते उपाहारगृह होते. तेथून मरीन ड्राइव्हची वर्तुळाकार कड पाहणे हा आमच्या विद्यार्थिदशेत केवळ ऐकण्याचा विषय होता. आम्ही ती कड खालून, कठड्यावर बसून, चणे खात पाहिली.

गच्ची सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती गिरण्या गेल्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि गिरणगाव परत पूर्वीसारखे उभे राहिले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी इतर वापरासाठी मोकळ्या होऊ लागल्या, २००१ मध्ये तो नियम आणखी सैल झाला, आणि लोअर परळच्या आवारांत कार्यालये, स्टुडिओ, दुकाने आणि पाठोपाठ उपाहारगृहे आली. येथे अर्थशास्त्र अगदी सरळ आहे. उघडी गच्ची चटई क्षेत्रात मोजली जात नाही. मुंबईसारख्या शहरात जी जागा मोजली जात नाही ती फुकट असते, आणि फुकट जागेवर मिळणारे उत्पन्न निव्वळ खंड असतो. असा खंड दिसत असताना कोणी स्वस्थ बसेल, ही अपेक्षा रिकार्डोनेही केली नसती. पण मुंबईत चार महिने पाऊस असतो. मग गच्चीवर ताडपत्री येते, ताडपत्रीखाली बांबू येतो, बांबूवर शोभेचे कापड येते, आणि मोकळ्या आकाशाखालची जागा नकळत एक खोली होते. नकाशात मात्र ती गच्चीच राहते.

महापालिकेने गच्चीवरील उपाहारगृहांसाठी धोरण आणावे, हा विषय २०१४ पासून चर्चेत होता. नगरसेवकांचा विरोध झाला, प्रस्ताव रेंगाळला, आणि अखेर नोव्हेंबर २०१७ च्या आरंभी तत्कालीन आयुक्त अजोय मेहता यांनी आपल्या अधिकारात त्याला मंजुरी दिली. निवासी इमारती वगळून व्यापारी इमारती, हॉटेले आणि मॉल यांच्या गच्च्यांना वाट मोकळी झाली. धोरण असावे या मताचा मीही होतो. जे चालूच आहे ते नियमात आणावे, हे प्रशासनाचे जुने शहाणपण आहे.

त्याच नोव्हेंबरात एका बैठकीसाठी मी मुंबईत होतो. संध्याकाळी सहकारी मला एका गच्चीवर घेऊन गेले. नाव सांगत नाही. ती जागा आता नाहीही. वर जायला उद्वाहन होते. रांग पाहून मी जिन्याने गेलो. जिना एकाच माणसाला जाता येईल इतका अरुंद उरला होता, कारण दोन्ही बाजूंना बिअरचे क्रेट रचलेले होते आणि शेवटच्या वळणावर स्वयंपाकाच्या गॅसची दोन सिलिंडरे उभी होती. पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी तपासण्यांत गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना हे न दिसणे शक्य नव्हते. मला ते दिसले. वर गेल्यावर वारा छान होता, सांधसेतूचे दिवे दिसत होते, यजमान उत्साहात होते. मी काही बोललो नाही. आपण येथे पाहुणे आहोत, हे आपले खाते नाही, हे आपले राज्यही नाही, अशी तीन कारणे मी स्वतःला दिली. व्यवस्थापकाला हाक मारून दोन वाक्ये बोलायला यातले एकही कारण आड येत नव्हते.

२८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २९ तारीख लागल्यावर, कमला मिलच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवर आग लागली. दोन शेजारच्या उपाहारगृहांच्या शोभेच्या छतांतून ती काही मिनिटांत पसरली. १४ माणसे गेली. हुक्क्याच्या निखाऱ्यातून ठिणगी उडाल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाला. मेलेल्यांपैकी अनेक जण प्रसाधनगृहात सापडले. बाहेरची वाट न मिळाल्याने ते तेथे आडोशाला गेले होते आणि धुराने गुदमरले होते. धोरणाला मंजुरी मिळून दोन महिनेही झाले नव्हते. मी गेलो होतो ती गच्ची वेगळी होती. तरीही सकाळी दूरदर्शनवर ती दृश्ये पाहताना मला आग दिसत नव्हती. ते क्रेट दिसत होते.

त्यानंतर शहरभर हातोडे पडले, अटका झाल्या, निलंबने झाली. माझा प्रश्न वेगळा होता आणि आहे. १८७८ पासून आपण मद्यगृहाविषयी जे जे कागद निर्माण केले त्यांत काय लिहिलेले असते? मद्य कोणत्या प्रतीचे, कर किती, पिणाऱ्याचे वय काय (महाराष्ट्रात बिअरला २१, कडक मद्याला २५), दुकान किती वाजता बंद होणार, शाळा आणि देऊळ किती अंतरावर. खजिना आणि नीती, या दोन डोळ्यांनी राज्याने ही खोली दीडशे वर्षे पाहिली. खोलीत शिरलेला माणूस बाहेर कसा पडणार, हे तिसरे पाहणे कायम दुसऱ्याच कोणाच्या फायलीत राहिले. उत्पादन शुल्क खाते 'एफएल-३' देते, महापालिका १८८८ च्या कायद्याच्या ३९४ व्या कलमाखाली परवाना देते, अग्निशमन दल ना हरकत देते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र सादर करण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर असतो. जिना मात्र कोणत्याच कागदाचा नसतो.

हा दोष मुंबईचाच आहे असे नाही. बोस्टनमध्ये १९४२ साली 'कोकोनट ग्रोव्ह' या रात्रगृहात ४९२ माणसे गेली, तेव्हा कोठे फिरत्या दाराशेजारी बाहेर उघडणारी साधी दारे सक्तीची झाली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ जण गेले; तेथे बाल्कनीतील वाट जादा खुर्च्यांनी अडवली होती आणि त्या खुर्च्यांना परवानगी होती. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील रात्रगृहाला आग लागली. २५ मृतांपैकी बहुतेक जण तेथे मजा करायला आलेले नव्हते, कामाला होते.

भिलाईत हे समजावून सांगावे लागत नाही. १२ जून २०१४ रोजी येथील कारखान्यात वायुगळती झाली आणि सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. या वायूला रंग नाही, वास नाही. या गावात लग्नाच्या मांडवात शिरतानाही काही जुने कामगार आधी दुसरा दरवाजा कोठे आहे ते पाहून घेतात. पूर्वी मला ती त्यांची खोड वाटे.

तर मित्राला मी कळवले की चारही ठिकाणी दुपारी, गिऱ्हाईक नसताना जा आणि उद्वाहन न घेता जिन्याने चढ. तो हसला. "अरे, आपण प्यायला जमतो आहोत की तपासणीला?" पण गेला. गुडघा दुखत असताना गेला, हे येथे नमूद करतो. एके ठिकाणी दुसरा जिना होताच, पण त्याला कुलूप होते. गिऱ्हाईक बिल न देता निसटतात म्हणून, असे त्याला सांगण्यात आले. मी फोनवरूनच त्याच्याकडून व्यवस्थापकाला एक अर्ज लिहून घेतला आणि त्याची प्रत अग्निशमन केंद्रात द्यायला लावली. पोचपावती मिळाली आहे.

ठरली ती गच्ची यादीत नव्हतीच. त्याला ती कुलाब्यात परतताना दिसली. इमारत बुटकी, समुद्र अर्धाच दिसतो, संगीत नाही. दोन जिने आहेत आणि दोन्ही रिकामे. परदेशातून येणाऱ्यांपैकी एकाने देखावा फारसा नसल्याची तक्रार ई-मेलने नोंदवली आहे. त्याला अजून उत्तर दिलेले नाही. दुर्गहून मुंबई मेलचे आरक्षण तेवढे केले आहे.