सहा डॉलरची बंदूक

अमेरिकेतले यादवी युद्ध संपून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, म्हणजे ३० मे १८६५ रोजी, तिथल्या युद्धखात्याने एक हुकूम काढला. घरी परतणाऱ्या सैनिकाला हवे असेल तर तो आपले हत्यार विकत घेऊ शकत होता आणि त्याचे दरही हुकुमातच दिले होते. स्पेन्सर कार्बाइनला १० डॉलर, तलवारीला ३ डॉलर आणि ठासणीच्या बंदुकीला, मग ती कोणतीही असो, ६ डॉलर. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना १६ डॉलर होता. म्हणजे अकरा-बारा दिवसांच्या मजुरीत त्याच्या खांद्यावर स्प्रिंगफील्डची उत्तम रायफल आली. याशिवाय सरकारने जी हत्यारे व्यापाऱ्यांना मोडीच्या भावात विकली, ती पुढची कित्येक वर्षे बाजारात फिरत राहिली. जुनी, स्वस्त, तोंडाकडून ठासायची रायफल सामान्य माणसाच्या घरी कशी पोचली, हे सांगताना या दरांवर बोट ठेवण्याची पद्धत आहे. ते चुकीचे नाही. पण मला ते अपुरे वाटते. बंदूक घेताना एकदाच पैसे मोजावे लागतात, ती चालती ठेवायला मात्र आयुष्यभर. ठासणीची रायफल गरिबाला परवडली ती मुख्यतः तिची दुरुस्ती हाकेच्या अंतरावर होती म्हणून, आणि तिचा इतिहास घडवणाऱ्याइतकाच दुरुस्त करणाऱ्याचाही आहे. पुस्तकांत तो तसा क्वचितच सांगितला जातो.

सुरुवात नळीपासूनच करू. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आसपास जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी जी लांब रायफल रूपाला आणली, तिची नळी घडीव लोखंडाची असे. तापवलेली पट्टी सळईभोवती वळवायची, ठोकून सांधायची, बाहेरून अष्टकोनी घासायची आणि आतून पिळाचे चर पाडायचे. हे लोखंड मऊ. त्यात काळी दारू अशी की जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपातच राहतो. त्यातला काही धुराबरोबर उडतो, बाकीचा नळीला चिकटून हवेतली ओल ओढतो आणि गंज धरवतो. शिवाय दर बाराला गज आत-बाहेर होतो तो वेगळा. काही वर्षांत चर झिजतात आणि गोळी सरळ जाईनाशी होते. आजच्या भाषेत बोलायचे तर नळी 'गेली'. पण तेव्हाचा लोहार ती टाकून देत नसे. हिकरीची लांब काठी नळीत घालून तिच्या टोकाभोवती तो वितळलेले शिसे ओती. ते झिजलेल्या चरांत शिरून थिजे आणि त्यांचा उलटा ठसा घेई. त्या शिशाच्या गुल्लीला खाच पाडून तीत बोटाच्या पेराएवढी पोलादी करवत बसवली जाई. मग तेल घालून काठी मागेपुढे, मागेपुढे. जुने चरच तिला वाट दाखवत, त्यामुळे पीळ मोजण्याचे यंत्र लागत नसे. करवत चावेनाशी झाली की तिच्याखाली कागदाचा एक कपटा सरकवायचा, की ती केसभर वर येई आणि पुन्हा लोखंड खरवडू लागे. ज्या मऊपणाने नळी बिघडे त्याच मऊपणामुळे ती दुरुस्तही होई. कडक पोलादावर हा उद्योग चालला नसता.

हे फुकट होत नव्हते. नळी आतून रुंदावली की जुन्या साच्यातली गोळी तिच्यात खडखडू लागे, म्हणून साचाही मोठा करून घ्यावा लागे. ०.४० इंच व्यासाच्या गोळ्या एका पौंड शिशात सुमारे ७३ निघतात, ०.४५ इंचाच्या सुमारे ५१. म्हणजे एका दुरुस्तीने दर पौंडामागे वीस-बावीस बार कमी झाले, आणि गोळी जड झाली तशी दारूही वाढली. ज्याला शिसे खेचरावर लादून आणावे लागे, त्याला हा हिशेब चांगलाच कळत असणार. तरीही तो नळी पुन्हा कापून घेई, कारण नव्या नळीपुढे हे स्वस्तच होते. म्हणूनच एखाद्या जुन्या रायफलीची आजची नळी मोजून 'या प्रदेशात या मापाची रायफल वापरत' असा निष्कर्ष काढणाऱ्यांबद्दल मला शंका वाटते. ते माप रायफलीच्या जन्माचे असेल असे नाही. तिच्या म्हातारपणाचेही असू शकते.

कळीचीही तीच गोष्ट. गारगोटी ज्या पोलादी पात्यावर आपटून ठिणगी पाडते, ते झिजले की लोहार त्यावर पोलादाचा पातळ तुकडा रिव्हेटने मारी. जोड्याला अर्धा सोल मारतात तसाच हा प्रकार, आणि इंग्रजी कारागिरीच्या बोलीत त्याला नावही तेच होते. बत्तीचे छिद्र जळून रुंदावले की त्यात नवी लोखंडी पुंगळी बसवायची. कमान तुटली तर दुसरी ठोकून, पाणी देऊन घालायची. १८०७ साली फोर्साइथ नावाच्या संशोधकाने धक्क्याने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकांत तांब्याची टोपी आली, तेव्हाही जुन्या चकमकी रायफली भंगारात गेल्या नाहीत. रंजकाची वाटी आणि पाते काढून टाकायचे, बत्तीच्या छिद्रात आटे पाडून एक लहान नळकांडे पिळायचे, त्यावर टोपीसाठी निपल आणि वर नवा घोडा, की आजोबांची रायफल नव्या जमान्यात आली.

यावर कोणी म्हणेल की ही गावठी जुगाडाची कौतुके झाली. ज्यांचे जीवित बंदुकीवर अवलंबून होते ते असल्या हत्यारावर विसंबले नसते. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची नोंद नेमकी उलट आहे. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेली ही सरकारी मोहीम होती, हत्यारे निवडून घेतलेली, तरी सोबत हार्पर्स फेरीच्या कारखान्यातून घेतलेल्या जादा कळी होत्या आणि जॉन शील्ड्स नावाचा लोहार होता. मार्च १८०६ मध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून परत निघण्याआधी लुईसने रोजनिशीत साफ लिहिले आहे की हे सुटे भाग आणि शील्ड्सचे कसब नसते तर बहुतेक बंदुका एव्हाना निकामी झाल्या असत्या. दुसरा पुरावा मला याहून मोलाचा वाटतो. १८५५ साली वॉला वॉला इथे याकामा या मूळ अमेरिकी लोकांशी झालेल्या तहात अमेरिकी सरकारने त्यांची अफाट जमीन घेतली आणि बदल्यात ज्या गोष्टींचे वचन दिले त्यांत शाळांबरोबर लोहाराची दोन दुकाने होती. एकाला कल्हई-पत्र्याच्या कामाचे दुकान जोडलेले, दुसऱ्याला बंदूक दुरुस्तीचे. वीस वर्षे ती चालवण्याची हमी होती. तहाच्या कलमात दुरुस्तीचे दुकान यावे, यावरून त्या काळात बंदूक असणे म्हणजे काय हे कळते. आणि दुकान सरकारचे असेल तर दोर कोणाच्या हातात राहतो, हेही.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. आपल्याकडे ठासणीची बंदूक टिकली ती कायद्यामुळे, तिच्या गुणांमुळे नव्हे. यात तथ्य आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती आतले चर कापून काढलेली, बाहेरून एनफील्ड रायफलीसारखीच दिसणारी गुळगुळीत नळीची बंदूक दिली. १८७८च्या हत्यार कायद्याने बाकीची प्रजा परवान्याखाली आणली. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यातही कलम १३ पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूकच गृहीत धरते. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना म्हटला की डोळ्यांपुढे ठासणीचीच येते, ती यामुळे. पण अमेरिकेत असा कायदा नव्हता. तिथे दुकानात काडतुसाच्या रायफली खुल्या मिळत असतानाही अॅपलाचिअन डोंगरांत ठासणीची रायफल विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली आणि टेनेसीतले हॅकर मार्टिनसारखे कारागीर ती जुन्या पद्धतीने बनवत, दुरुस्त करत राहिले. काडतूस दरवेळी दुकानातून आणावे लागते. गोळी चुलीवर ओतता येते. कायदा नसतानाही ती टिकली, म्हणजे कायदा हे एकमेव कारण ठरत नाही. उलट आपल्या कायद्याने दुसरेच काहीतरी केले: कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. शेतकऱ्याकडे बंदूक राहिली, पण कमान ठोकून देऊ शकणारा गावातला लोहार कायद्याने बाहेर गेला. तुटलेली कमान घेऊन परवानाधारक दुकान असलेल्या गावापर्यंत जायचे म्हटल्यावर स्वस्त बंदुकीचा स्वस्तपणा तिथेच संपतो.

दुरुस्ती गावाबाहेर जाण्याचा हा बदल सहा डॉलरच्या स्प्रिंगफील्डमध्येही वेगळ्या वाटेने शिरला होता. तिचे भाग यंत्रावर कातलेले, एकीचे दुसरीत बसणारे. दुरुस्ती सोपी झाली, पण ती भाग विकत आणण्यावर आली. आणि तांब्याची टोपी तर कोणत्याच गावच्या भट्टीत होत नव्हती. चकमकीला निदान गारगोटी रानात सापडे. पुष्कळांनी या रायफलीचे चर कापून काढून तिचा छर्ऱ्याची बंदूक म्हणून वापर केला. जे हिंदुस्थानात शिपायाला दुबळा ठेवण्यासाठी केले गेले, तेच ओहायोतल्या शेतकऱ्याने सशांसाठी स्वखुशीने केले.

आज अमेरिकेत या रायफलींचा हौशी बाजार आहे. १९३३ साली ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना निघाली तेव्हापासून तो वाढत गेला. जुनी ठासणीची घेणारा जाणकार आधी गज नळीत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि तेवढेच माप नळीच्या बाहेरून धरून पाहतो. गज बत्तीच्या छिद्रापर्यंत पोचला नाही, तर आत कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी ठासलेला बार अजून बसलेला असू शकतो. मग तो कळ उतरवतो आणि तिची पट्टी उजेडात धरतो. टोपीवर बदललेल्या रायफलींना पुन्हा चकमक बसवण्याची टूम संग्राहकांत फार वर्षे आहे, कारण 'मूळ' रूपाला किंमत जास्त येते. नळकांड्याचे आटे भरून टाकतात, नवी वाटी बसवतात, वर जुनाट रंग चढवतात. पण पट्टीच्या मागच्या अंगाला स्क्रूंची बुजवलेली भोके बहुधा राहतात, आणि कुठल्याशा लोहाराने १८४०च्या सुमारास मारलेल्या कानशीचे ओरखडेही.